संगणकाला मनातलं कळत नाही: प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या कोर्सची सुरुवात

प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या कोर्सला बसलेल्या वर्गात दोन तऱ्हेचे विद्यार्थी असतात. काहींनी शाळेतच थोडाफार कोड लिहिलेला असतो, बाकीच्यांनी एक ओळही लिहिलेली नसते. पहिल्या आठवड्यात पहिले धडाधड प्रश्न विचारतात, दुसरे गप्प बसतात, आणि गप्प बसलेल्या प्रत्येकाला वाटतं की वर्गात आपल्यालाच काही येत नाही. खरं तर कोर्स आखलेला असतो तो ज्यांना काहीच येत नाही त्यांच्यासाठी. आधी कोड लिहिलेल्यांना सुरुवातीचे काही आठवडे सोपे जातात, एवढाच फरक.

तरीही हा कोर्स अवघड जातो हे नाकारण्यात अर्थ नाही. येन्स बेनेडसेन आणि मायकेल कास्पर्सन या दोन संशोधकांनी २००७ साली वेगवेगळ्या विद्यापीठांकडून आकडे गोळा केले, तेव्हा सरासरी ३३ टक्के विद्यार्थी या कोर्समधून पार पडत नाहीत असं दिसलं. २०१९ मध्ये त्यांनी पुन्हा मोजलं तर आकडा २८ टक्के निघाला. म्हणजे बहुतेक जण पास होतात, पण बऱ्याच जणांची गाडी कुठेतरी अडते. ती कुठे अडते हे आधीच माहीत असलं तर बरंच सोपं जातं.

लोकांना वाटतं गणितात अडते. पहिल्या कोर्सला गणित लागतं ते बेरीज-वजाबाकी, भागाकारातली बाकी आणि 'पेक्षा मोठं, पेक्षा लहान' एवढंच. भाषेच्या निवडीतही अडत नाही. कुठे पायथन शिकवतात, कुठे जावा, कुठे सी. सी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीची, पायथन १९९१ची, जावा १९९५ची. तिघींत व्हेरिएबल (किंमत ठेवायची नावं) आहेत, अटी आहेत, लूप (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळी) आहेत, फंक्शन (नाव दिलेले कोडचे तुकडे) आहेत. एक नीट आली की दुसरी शिकायला सेमिस्टर लागत नाही. त्यामुळे 'आमच्याकडे ही भाषा का, ती का नाही' या वादात वेळ घालवू नका.

अडतं ते असं: आपण लिहिलेली ओळ यंत्र नेमकी कशी पाळतं, याचं चित्र डोक्यात धूसर असतं. बाकीच्या बहुतेक अडचणी त्यातून निघतात.

पहिला आठवडा खटपटीचा

पहिल्या आठवड्यात जे छळतं त्याला प्रोग्रॅमिंग म्हणताच येत नाही. भाषा इन्स्टॉल करायची, कोड लिहायचा एडिटर इन्स्टॉल करायचा, फाइल सेव्ह करायची, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून ती चालवायची. यातलं काहीही बिनसलं की स्क्रीनवर अगम्य संदेश येतो आणि 'मला हे जमणार नाही' असं वाटायला लागतं. या खटपटीचा आणि तुमच्या बुद्धीचा काडीचाही संबंध नाही.

नेहमी नडणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. टर्मिनल कायम कुठल्या तरी एका फोल्डरमध्ये 'उभं' असतं आणि तुमची फाइल भलत्याच फोल्डरमध्ये असते, म्हणून फाइल सापडत नाही. विंडोज नेहमीच्या सेटिंगमध्ये फाइलच्या नावाचं शेपूट (.py, .txt) लपवतं, म्हणून तुम्हाला वाटतं पायथनची फाइल केली आणि प्रत्यक्षात ती साधी टेक्स्ट फाइल असते. ते शेपूट दिसण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती पहिल्याच दिवशी सुरू करा. इन्स्टॉल करूनही 'अशी कमांड माहीत नाही' असा संदेश आला, तर भाषा कुठल्या फोल्डरमध्ये ठेवली आहे ते टर्मिनलला ठाऊक नाही, असा त्याचा अर्थ. पायथन विंडोजवर बसवताना 'पाथमध्ये टाका' असा एक चौकोन असतो, त्यावर टिक करायची राहून गेलेली असते. कोर्ससाठी एकच फोल्डर करा, त्यात दर आठवड्याचा उपफोल्डर ठेवा, आणि पहिली लॅब चुकवू नका. लॅबमधला सहायक जे काही मिनिटांत लावून देतो, त्यावर घरी अख्खी संध्याकाळ जाते.

यंत्र काय पाळतं

आता मुद्द्यावर येऊ. रॉय पी या संशोधकाने १९८६ मध्ये नवशिक्यांच्या चुका तपासल्या आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या एका समजुतीला 'सुपरबग' असं नाव दिलं (बग म्हणजे प्रोग्रॅममधली चूक). ही समजूत म्हणजे, संगणकात कुठेतरी एक शहाणं मन दडलेलं आहे आणि आपल्याला काय म्हणायचंय ते त्याला कळतं. कोणी विचारलं तर आपण लगेच म्हणू, 'छे, असं कोण मानतं?' पण कोड लिहिताना सगळेच तसं वागतात. व्हेरिएबलला 'सर्वात_मोठा' नाव दिलं की त्यात सर्वात मोठी संख्या राहील असं नकळत धरून चालतो. यंत्राच्या लेखी ते निव्वळ नाव आहे. 'बटाटा' ठेवलं असतं तरी त्याला फरक पडला नसता. चांगलं नाव वाचणाऱ्या माणसासाठी असतं.

सगळ्यात आधी बरोबरचं चिन्ह. गणितात 'क = क + १' लिहिलं तर मास्तर खोडतील. प्रोग्रॅममध्ये ही रोजची ओळ आहे, कारण इथे ते चिन्ह समानता सांगत नाही, हुकूम देतं: उजवीकडचं आधी काढ, येईल ते डावीकडच्या नावाखाली ठेव. व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेली पाटी समजा. नवीन लिहिलं की जुनं पुसलं जातं आणि आधी काय होतं ते पाटीला आठवत नाही. दोन गोष्टी समान आहेत का, हे विचारायला पायथन, सी आणि जावा तिन्हींत ते चिन्ह दोनदा लिहावं लागतं.

या तीन ओळी बघा.

अ = ५
ब = अ + १
अ = २०

शेवटी 'ब' किती? बरेच जण २१ म्हणतात. उत्तर ६. दुसरी ओळ चालली तेव्हा 'अ' ५ होता, बेरीज ६ आली, 'ब'मध्ये ६ गेले आणि ती ओळ संपली. पुढे 'अ' बदलला तरी यंत्र मागे जाऊन 'ब' पुन्हा काढत नाही. स्प्रेडशीटची सवय असलेल्यांना हे फार खटकतं, कारण तिथे एक खण बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे खण आपोआप बदलतात.

(जाता जाता: पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात. अंक मात्र इंग्रजी टाकावे लागतात. घरी समजून घेताना मराठी नावं खुशाल वापरा, असाइनमेंटमध्ये नको.)

दोन पाट्यांवरचे आकडे अदलाबदल करायचे असतील तर 'अ = ब' आणि लगेच 'ब = अ' लिहून चालत नाही. पहिल्या ओळीतच 'अ'मधलं जुनं पुसलं गेलं. तिसरी पाटी लागते, जुनं तिच्यावर आधी उतरवून ठेवायचं. पायथनमध्ये एका ओळीत अदलाबदल करायची सोय आहे, पण ती वापरण्यापूर्वी तिसऱ्या पाटीची गरज का पडते ते कळलेलं असावं.

पेन्सिल घ्या

आता लूप. मराठीत लिहायचा तर असा:

बेरीज = ०
क्रमांक = १
जोवर क्रमांक ४ पेक्षा लहान आहे तोवर:
    बेरीज = बेरीज + क्रमांक
    क्रमांक = क्रमांक + १
बेरीज छाप

कागदावर दोन रकाने आखा, एक 'बेरीज'चा, एक 'क्रमांक'चा. सुरुवातीला ० आणि १. पहिल्या फेरीनंतर १ आणि २. दुसरीनंतर ३ आणि ३. तिसरीनंतर ६ आणि ४. आता क्रमांक ४ पेक्षा लहान नाही, लूप संपला, ६ छापले गेले.

आता लूपच्या आतल्या दोन ओळींची जागा बदला: आधी क्रमांक वाढवा, मग बेरीज करा. कोड न चालवता उत्तर काढा. पहिल्या फेरीत क्रमांक २, बेरीज २. दुसरीत ३ आणि ५. तिसरीत क्रमांक ४ झाला. इथे बरेच जण थांबतात आणि ५ उत्तर देतात, कारण अट मोडली. पण यंत्र अटीवर सतत नजर ठेवून बसलेलं नसतं. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एकदा अट बघतं, आत शिरलं की आतल्या सगळ्या ओळी पुऱ्या करतं, आणि मगच पुन्हा वर येतं. म्हणून बेरजेची ओळ चालते आणि उत्तर ९ येतं. हा बारकावा ज्याच्या हाताखालून एकदा गेला, त्याची लूपमधली निम्मी गडबड थांबते.

या आकडेमोडीला ट्रेसिंग म्हणतात. वर्गात ते कंटाळवाणं वाटतं, त्यामुळे हुशार मुलं हमखास टाळतात आणि मग मध्यसत्रात अडकतात. रेमंड लिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांना छोटे कोड वाचायला दिले होते. कितीतरी जणांना दहा-बारा ओळींचं उत्तरही नीट सांगता आलं नाही, आणि कच्च्या कागदावर व्हेरिएबलच्या किमती काळजीपूर्वक लिहीत गेलेल्यांची उत्तरं जास्त बरोबर आली. माझं मत विचाराल तर पहिल्या महिन्यात जेवढा कोड लिहाल त्याच्या दुप्पट वाचा आणि कागदावर चालवून बघा.

लूपच्या टोकांवर एकाची चूक ठरलेली असते. पायथनमध्ये '१ ते १०'ची रेंज मागितली तर १ ते ९ मिळतात, शेवटचा आकडा धरला जात नाही. यादीतला पहिला घटक शून्याव्या जागी असतो, त्यामुळे पाच घटकांच्या यादीत पाचवी जागाच नसते. हे पाठ करण्यापेक्षा दर वेळी पहिली आणि शेवटची फेरी कागदावर तपासायची सवय लावून घ्या.

आकडा आणि आकड्यासारखं दिसणारं

वापरणाऱ्याने कीबोर्डवर ५ टाइप केला, मग पुन्हा ५, प्रोग्रॅमने दोन्हींची बेरीज केली आणि उत्तर ५५ आलं. पायथन शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा अनुभव येतो. कारण साधं आहे: इनपुटमधून येतं ते अक्षरांच्या रूपात, आणि अक्षरांची 'बेरीज' म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. आधी त्याचा आकडा करून घ्यावा लागतो. प्रत्येक मूल्याला प्रकार असतो आणि क्रिया त्या प्रकारावर ठरते. सी आणि जावामध्ये ७ भागिले २ केलं तर ३ येतात, कारण दोन्ही पूर्णांक. पायथन ३ मध्ये ३.५ येतात.

आणखी एक गंमत. ०.१ आणि ०.२ मिळवून ते ०.३ आहेत का असं विचारलं तर पायथन 'नाही' म्हणतं. संगणक दशांश संख्या दोनच्या घातांमध्ये साठवतो आणि ०.१ त्यात नेमका बसत नाही, जसा एक तृतीयांश दशांशात लिहिताना ३ संपतच नाहीत. पहिल्या कोर्सला एवढं लक्षात ठेवा की दशांश संख्यांची थेट समानता तपासायची नाही. फरक अगदी छोटा आहे का ते बघायचं.

लाल अक्षरं

एरर आली की नवशिका दोनपैकी एक करतो. न वाचता खिडकी बंद करतो, किंवा कोडमध्ये अंदाजे काहीतरी बदलून पुन्हा चालवतो. दोन्ही चालत नाहीत. पायथनचा संदेश खालून वर वाचायचा: शेवटच्या ओळीत एररचं नाव आणि कारण, तिच्या वर कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर अडलं ते. सी किंवा जावाच्या कंपाइलरने (कोड चालवण्याआधी त्याचं भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) वीस चुका दाखवल्या तर फक्त पहिली दुरुस्त करा आणि पुन्हा कंपाइल करा. एक अर्धविराम राहिला की त्यामुळे खाली दहा खोट्या चुका दिसू शकतात. आणि दाखवलेल्या ओळीत काहीच वावगं दिसत नसेल तर तिच्या आधीची ओळ बघा. उघडलेला कंस तिथे बंद करायचा राहिलेला असतो.

लाल अक्षरांत दिसणारी चूक मात्र परवडते. प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो आणि उत्तर चुकीचं देतो, ती चूक जास्त महागात पडते, कारण यंत्राच्या दृष्टीने सगळं ठीकच असतं. अशा वेळी मधल्या किमती छापून बघायच्या आणि त्या आपल्या कागदावरच्या तक्त्याशी जुळवायच्या. जिथे पहिल्यांदा फाटा फुटतो तिथे बग.

कोऱ्या स्क्रीनसमोर

ओळ वाचता यायला लागली तरी कोऱ्या फाइलसमोर हात थिजतात. येल विद्यापीठात एलियट सोलोवे यांनी १९८०च्या दशकात वापरलेला एक प्रश्न यासाठी प्रसिद्ध आहे. दररोजच्या पावसाचे आकडे वाचत जा, ९९९९९ आला की थांब, आणि सरासरी सांग. कोर्स पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांनाही हा जड गेला. त्याचे पुढे बरेच अवतार झाले. एकात ऋण आकडे वगळायचे असतात.

इथे कोड लिहिण्याआधी उदाहरणं लिहा. १२, ०, उणे ५, ८, ९९९९९ असे आकडे आले तर उत्तर काय हवं? उणे ५ वगळायचा, ० मोजायचा, कारण पाऊस न पडलेला दिवस हाही दिवसच. बेरीज २०, दिवस ३, सरासरी ६.६७च्या आसपास. आता पहिलाच आकडा ९९९९९ आला तर? दिवस शून्य, आणि शून्याने भागायला गेलं की प्रोग्रॅम कोसळणार. म्हणजे भागाकाराच्या आधी एक अट लागणार. ९९९९९ स्वतः बेरजेत जाता कामा नये, म्हणजे मिळवण्याआधी तपासावं लागणार. एकही ओळ न लिहिता निम्मा प्रोग्रॅम ठरला.

मग तुकड्यांनी लिहा. आधी नुसते आकडे वाचून छापायचे, चालवून बघायचं. मग ९९९९९ वर थांबायचं, चालवून बघायचं. मग बेरीज, मग मोजणी, मग ऋण आकडे गाळणं, शेवटी भागाकार. साठ ओळी एका दमात लिहून पहिल्यांदा चालवणारा माणूस साठ ओळींत चूक शोधत बसतो. तीन-चार ओळींमागे एकदा चालवणाऱ्याला तीन-चारच ओळी बघाव्या लागतात.

फंक्शन सुरू झाली की एक सापळा येतो: छापणं आणि परत देणं. फंक्शनने उत्तर स्क्रीनवर छापलं की काम झालं असं वाटतं. पण छापलेलं माणसाला दिसतं, प्रोग्रॅमच्या बाकीच्या भागाला त्याचा उपयोग नाही. ते मूल्य पुढे वापरायचं असेल तर फंक्शनने ते परत द्यायला हवं. अनेक विद्यापीठांत असाइनमेंट आपोआप तपासणारी यंत्रणा असते आणि ती फंक्शनने परत दिलेलं मूल्य बघते. त्यामुळे 'माझ्याकडे तर बरोबर उत्तर दिसतंय' म्हणणाऱ्याला शून्य मिळतं. छापलेला मजकूर तपासला जात असेल तर एखादी जास्तीची मोकळी जागाही नडते.

मदत मागणं आणि उतरवणं

मित्राशी प्रश्नाबद्दल बोलणं आणि त्याची फाइल घेणं यांत कुठे रेघ ओढायची, ते प्रत्येक कोर्सच्या नियमांत लिहिलेलं असतं. ते वाचा. साधारण सुरक्षित रीत अशी की चर्चा तोंडी किंवा फळ्यावर करायची आणि कोड एकट्याने बसून टाइप करायचा. व्हेरिएबलची नावं बदलली की नक्कल लपते हा जुना भ्रम आहे. बर्कलीमध्ये ॲलेक्स एकेन यांनी १९९४ मध्ये तयार केलेलं 'मॉस' हे सॉफ्टवेअर कोडची ठेवण जुळवून बघतं, नावांना ते भुलत नाही.

कोड लिहून देणारी एआय साधनं आता सगळ्यांच्या हाताशी आहेत, आणि पहिल्या कोर्सच्या असाइनमेंट ती सहज सोडवतात. नियमांत बसत असेल तर एररचा अर्थ विचारायला, किंवा 'यासारखा अजून एक सराव दे' म्हणायला ती उपयोगी पडतात. उत्तर मात्र लिहून घेऊ नका, निदान अर्ध्या सेमिस्टरपर्यंत. वाचलेलं उत्तर समजल्यासारखं वाटतं, पण तेच कोऱ्या फाइलवर उतरवायला बसलं की हात चालत नाही. आणि ही साधनं बंद असलेली परीक्षा तर येणारच असते.

शिक्षकाकडे किंवा लॅब सहायकाकडे जाताना 'चालत नाहीये' एवढंच सांगू नका. काय टाकलं, काय यायला हवं होतं, काय आलं, या तीन गोष्टी लिहून न्या. त्या लिहिता लिहिताच बऱ्याचदा चूक सापडते आणि जावंच लागत नाही. असाइनमेंट मिळाली त्याच दिवशी निदान प्रश्न वाचून एक-दोन उदाहरणं कागदावर सोडवून ठेवा. आदल्या रात्री सुरू केलं तर शंका विचारायला कोणी जागं नसतं.

परीक्षेत पहिले काही प्रश्न बहुतेकदा 'हा कोड काय छापेल?' अशा धर्तीचे असतात, आणि बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच होते. मागच्या वर्षीचा पेपर मिळत असेल तर तो परीक्षेच्या आठवड्यात उघडू नका, कोर्स सुरू झाल्यावर महिनाभरातच काढा आणि शिकवून झालेले प्रश्न दोन रकाने आखून सोडवा. उत्तर चुकलं तर लगेच कोड चालवायला धावू नका. तक्ता पहिल्या ओळीपासून पुन्हा भरा, आणि कुठल्या फेरीत आकडे वेगळे आले ते बघा.